बिटवॉर्डन वापरून अख्खा सिझन काढला, होमस्टेवाल्यांसाठी अनुभव

बिटवॉर्डन म्हणजे पासवर्ड सांभाळणारं ॲप, पासवर्ड मॅनेजर म्हणतात ते. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या आधी बसवलेलं, आता पावसाच्या तोंडावर लिहितोय. आमचं गोव्यात मांद्र्याला छोटं होमस्टे, खोल्या मोजक्याच, पण लॉगिन मात्र मोठ्या हॉटेलाएवढी, म्हणजे बुकिंगच्या साइट्स, जीएसटी, परदेशी पाहुण्यांचा सी फॉर्म (तो २४ तासांच्या आत भरावाच लागतो), इन्स्टा, राउटर, काय नि काय. पूर्वी सगळं काउंटरच्या ड्रॉवरमधल्या वहीत, आणि सिझनला ती वही कोणाच्या हातात नसायची ते विचारा.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्ड लक्षात ठेवणारं ॲप एवढंच मला वाटायचं. खरा फायदा वेगळाच निघाला. नाताळच्या गर्दीत रिसेप्शनला मेल आला, पाहुण्याने खोलीत ढेकूण असल्याची तक्रार केलीय, फोटो बघा आणि उत्तर द्या नाहीतर लिस्टिंग बंद. आता सिझनमध्ये लिस्टिंग बंद म्हटल्यावर कोण शांत राहणार, आमच्या सावंतवाडीकडच्या पोराने लगेच क्लिक केलं. पान हुबेहूब, तोच रंग, तीच अक्षरं. पण रोज एका क्लिकमध्ये भरणारा पासवर्ड काही येईना. पोरगा मला हाक मारतो, "दादा, ह्या आज पासवर्ड भरना नाय." वर पत्ता बघितला तर साइटच्या नावात मध्येच एक डॅश आणि पुढे भलतंच काहीतरी. माणूस पान बघतो, हे ॲप पत्ता बघतं, आणि पत्ता जुळला नाही की गप्प बसतं. पोरांना आता एकच नियम सांगून ठेवलाय, पासवर्ड आपोआप आला नाही तर हाताने टाइप करायचा नाही, आधी मला फोन.

क्रोमही पत्ता बघूनच भरतो, मग हे कशाला असं मेहुण्याने विचारलं. प्रश्न बरोबर आहे, पण रिसेप्शनचा कॉम्प्युटर सगळ्यांचा, त्यात माझं गूगल अकाउंट उघडं ठेवायचं म्हणजे बँकेपासून घरच्या मेलपर्यंत सगळंच उघडं. बिटवॉर्डनमध्ये पोराचं अकाउंट वेगळं, त्याला लागतात तेवढेच पासवर्ड शेअर केलेत. फुकटच्या प्लॅनमध्ये पासवर्ड कितीही आणि फोन-कॉम्प्युटर कितीही चालतात, शेअरिंग मात्र दोघांतच, तिसरा माणूस आला की पैसे भरा. पासवर्ड न दाखवता नुसता वापरू देण्याची सोयही आहे, पण त्यावर फार विसंबू नका, फॉर्ममध्ये भरलेला पासवर्ड थोडी अक्कल असलेला माणूस काढतोच. त्यामुळे मे संपला, पोरं गावाला गेली, की पासवर्ड बदलायचे ते बदलायचेच. फरक इतकाच की आता ते अर्ध्या तासाचं काम झालंय.

दुसरा प्रश्न सगळेच विचारतात, सगळं एका तिजोरीत ठेवलं आणि ती तिजोरीच फुटली तर? लास्टपास या अशाच दुसऱ्या ॲपच्या बाबतीत २०२२ मध्ये झालंच की, लोकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. आतले पासवर्ड एनक्रिप्ट केलेले, म्हणजे कुलूपबंद होते, पण ज्यांचा मास्टर पासवर्ड, म्हणजे तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड, फालतू त्यांची कुलपं चोर निवांत बसून फोडू शकतो. म्हणून मास्टर पासवर्ड लांबच लचक हवा, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द. आणि तो विसरलात तर कंपनीही काढून देत नाही, त्यांच्याकडे तो नसतोच. मी तो आणि टू-स्टेपचा (पासवर्डनंतर होणाऱ्या दुसऱ्या तपासणीचा) रिकव्हरी कोड कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवलाय, बायकोला माहीत आहे.

वैताग? आहे ना. एका सरकारी पोर्टलवर पासवर्ड पेस्टच होत नाही, वीस अक्षरं बघून बघून बडवायची. माझ्या फोनचं बॅटरी सेव्हर मध्येच ऑटोफिल, म्हणजे पासवर्ड आपोआप भरणं, झोपवतं. बाबांनी दोन दिवस वापरलं आणि वहीवर परत गेले, त्यांच्याशी कोण वाद घालणार.

आणि हे सगळ्यावरचं औषध नाही. हॉटेलवाल्यांना हल्ली दुसरा प्रकार येतो, मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये त्यावर लिहिलं होतं: बुकिंग डॉट कॉमच्या नावाने मेल, मग खोटा कॅप्चा (तुम्ही माणूस आहात ना ते तपासणारी खिडकी), आणि तो सांगतो कीबोर्डवर विंडोज आणि आर दाबा, पेस्ट करा, एंटर मारा. तसं केलंत की व्हायरस तुम्हीच चालवला, तिथे कुठलाही पासवर्ड मॅनेजर काही करू शकत नाही. फोनवर गोड बोलून ओटीपी काढणाऱ्याचंही तेच. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि बँकेला कळवा, उद्या बघू म्हणू नका.

घ्यायचं असेल तर चवथीच्या आधी घ्या, सिझन सुरू झाल्यावर पोरांना शिकवायला वेळ मिळत नाही. आणि क्रोममधून जुने पासवर्ड काढताना जी सीएसव्ही फाइल बनते ती साधी, कुलूप नसलेली असते. इम्पोर्ट झालं की लगेच डिलीट करा, रिसायकल बिनमधूनपण.