टीपी-लिंक आर्चर सी६ : घ्या, पण लेबलवरचा पासवर्ड आधी बदला

दोन-तीन खोल्यांच्या घराला आर्चर सी६ हा वाय-फाय राउटर पुरतो. केबलचे पाचही पोर्ट गिगाबिट, म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे आहेत, यूएसबी नाही. वेगाबद्दल एवढे पुरे. सुरक्षेच्या बाबतीत मात्र तो पेटीतून काढला तसा वापरू नये.

तळाच्या लेबलवर वाय-फायचा पासवर्ड आठ अंकी छापलेला असतो, म्हणजे फक्त दहा कोटी शक्यता. डब्ल्यूपीए२ या वाय-फायच्या नेहमीच्या सुरक्षा पद्धतीत फोन राउटरला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण जिन्यात बसूनही टिपता येते. पुढचे अंदाज टिपणारा आपल्या संगणकावर तपासतो, राउटरला पत्ताही लागत नाही. गेमिंगचे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासते, त्यामुळे आठ अंक मिनिटांत संपतात. मोबाइल नंबर ठेवलात, तर फार तर काही तास. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहा. वीसच्या वर अक्षरे सहज होतात आणि पाहुण्यांना सांगायलाही सोपे.

मग ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडून वायरलेस सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए३ ही नवी पद्धत निवडा. त्यात टिपलेल्या देवाणघेवाणीवरून घरी बसून पासवर्ड ताडता येत नाही. जुना प्रिंटर किंवा फोन जोडला गेला नाही, तर डब्ल्यूपीए२ आणि ३चा मिश्र पर्याय घ्या. पण तेव्हा जुन्या उपकरणांपुरता वरचा धोका कायम राहतो, म्हणून लांब पासवर्ड सोडू नका. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने उपकरण जोडण्याची सोय, बंदच करा. त्याचा पिन आठ अंकी असला, तरी तो दोन भागांत तपासला जातो आणि शेवटचा अंक आधीच्या सातांवरून ठरतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न लागतात. ही खोट २०११पासून जगजाहीर आहे.

या किमतीत सर्वांत उपयोगी सोय म्हणजे गेस्ट नेटवर्क, पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय. स्मार्ट प्लग, टीव्ही, कॅमेरे तिकडे टाका आणि पाहुण्यांना घरचे नेटवर्क दिसू देणारी खूण काढलेली ठेवा. बहुतेक प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर (बँडवर) चालतात, त्यामुळे त्याच बँडचे गेस्ट नेटवर्क सुरू करा.

हमखास राहून जाते ते फायबरवाल्याने बसवलेल्या पेटीचे वाय-फाय. ते सुरूच असेल आणि पासवर्ड जुनाच असेल, तर नव्या राउटरचा उपयोग शून्य. त्याच्याकडून ते बंद करून घ्या. फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतले सॉफ्टवेअर, हाताने चढवताना लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती जुळवून पाहा. दुसऱ्या आवृत्तीची फाइल चालत नाही.