आठ महिन्यांचं प्रशिक्षण आणि १८१ अंशांचा त्रिकोण

मी पाटण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित शिकवतो. जुलैपासून आमच्या केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, पाच शाळांनी मिळून तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण चालू ठेवलंय, त्याचा हा अनुभव. मला ते मनापासून आवडलं, आणि उपयोगी पडलं ते खंड न पडता चाललं म्हणून.

प्रशिक्षणं याआधीही झाली. एकदा दोन दिवस साठेक शिक्षक एका सभागृहात बसलो होतो. पडद्यावर सगळं सोपं दिसत होतं, पण मोबाईल प्रत्येकाच्या खिशातच राहिला. शाळेत आल्यावर पहिल्याच दिवशी अडलो, तेव्हा विचारायला कोणी नव्हतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी सांगितलेत. ते असे एका दमात उरकले जातात, याचं वाईट वाटतं.

यंदा ठरवलं, शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या बैठकीत, एकच गोष्ट शिकायची, महिनाभर वर्गात वापरायची आणि पुढच्या परिषदेत काय अडलं ते सर्वांत आधी मांडायचं. सुरुवात जिओजेब्रा या भूमितीच्या आकृत्या काढायच्या ॲपपासून केली. ते मोफत आहे, आणि एकदा मोबाईलवर घेतलं की इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात रेंजचा आणि लाईटचा भरवसा नसतो, म्हणून हे फार मोलाचं.

सातवीत मुलांनी कोनमापकाने त्रिकोणाचे कोन मोजले की बेरीज कधी १७८ येते, कधी १८२. मोबाईलवर त्रिकोणाचं टोक बोटाने ओढायला दिलं. एकाने ते ओढत ओढत समोरच्या बाजूवर टेकवलं. एक कोन १८०, बाकीचे दोन शून्य. "सर, त्रिकोण झोपला!"

त्याच तासाला एका मुलीने स्क्रीनवरचे आकडे वहीत उतरवले: ६०, ६० आणि ६१. "सर, बेरीज १८१ येतीय." मला कारण सुचेना. शोधून सांगतो म्हणालो आणि परिषदेत तोच प्रश्न ठेवला. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी सेटिंगमध्ये जाऊन दशांश स्थळं वाढवली: ५९.६, ५९.७, ६०.७. बेरीज बरोबर १८०. कोन जवळच्या पूर्णांकात दिसत होते, एवढंच. पण त्यावर माझा पुढचा अख्खा तास झाला, आणि मुलांना स्वतःच्या १७८ चंही कारण शोधावंसं वाटलं. हा प्रश्न दोन दिवसांच्या त्या प्रशिक्षणात मला कधीच पडला नसता.

दीक्षा हे सरकारचं शिक्षणाचं ॲप २०१७ पासून आहे. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आम्हाला माहीत होते, पण पाटणला गेलो की व्हिडिओ आधीच उतरवून आणायचे, ही सवय यंदा लागली.

दशांश स्थळं वाढवून दाखवणाऱ्या त्या बाईंची निवृत्ती दोन वर्षांवर आलीय. सुरुवातीला त्या मोबाईल हातात घ्यायला कचरायच्या. आता दुसरीच्या मुलांचं वाचन रेकॉर्ड करून ठेवतात. एका आईला त्यांनी ऑगस्टमधलं आणि जानेवारीतलं वाचन लागोपाठ ऐकवलं, तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

अडचणी आहेत. सत्तावीस मुलांत माझा एकच मोबाईल फिरतो. डिसेंबरची परिषद हुकली, तर दोन शाळांतला वापर तिथेच थांबला; जानेवारीत तो पुन्हा सुरू करायला जड गेलं.

आता एकमेकांच्या तासाला बसायचं ठरलंय. पुढच्या आठवड्यात बाई माझ्या सातवीत येणार आहेत.