यझदी २५० चं इंजिन किट: गॅस्केट घ्या, सील बेअरिंगवाल्याकडून आणा

यझदी मोटरसायकल बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तरी वर्धा-यवतमाळकडच्या खेड्यांत यझदी अजून कोठ्यात, ढेपेच्या पोत्यांआड उभ्या सापडतात. अशी गाडी उठवायची म्हटली की हे किट आलंच: गॅस्केटचा (इंजिनच्या जोडांमधल्या कागदी थरांचा) संच, क्रँकची दोन ऑइल सील (शाफ्टभोवतीची रबरी कडी), पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच), त्याचा कंडेन्सर आणि फ्लोट नीडल (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई). ब्रँड नाही, पिन मारलेली प्लास्टिकची पिशवी.

गॅस्केट चांगले आहेत. कागदाची जाडी सारखी, भोकं बोल्टवर बरोबर येतात. जुना गॅस्केट खरडताना ॲल्युमिनियमवर ओरखडा पडू देऊ नका, नाहीतर नवा बसवूनही हवा ओढेल.

सीलमध्ये मात्र किट कमी पडतं, आणि या इंजिनात सीलइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद पेटीतून जातं. सील गेलं असेल तर कार्बोरेटर दहादा धुवा, गाडी सुधारत नाही. डावीकडचं, म्हणजे क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पिऊ लागतं: दाट पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची पातळी उतरत राहते. उजवीकडचं, डायनॅमोमागचं सील गेलं की बाहेरची हवा आत येते. ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली येत नाही, प्लगचं चिनीमातीचं टोक पांढरं पडतं. आपल्या ४५ अंशांच्या उन्हात अशी गाडी दामटली तर पिस्टन जाम होणारच.

जुन्या सीलचा ओठ (शाफ्टला टेकणारी आतली कड) नखानं दाबून पाहा. दबला नाही तर रबर मेलं. किटमधलं सील नवं असलं तरी साध्या काळ्या रबराचं असतं, आतली स्प्रिंगही ढिली. त्यापेक्षा जुनं सील घेऊन तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर-मोटरपंपाचं बेअरिंग विकणाऱ्या दुकानात जा. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी सीलवरच छापलेली असते. त्याच मापाचं व्हायटॉन रबराचं मागा. उष्णता आणि इथेनॉलचं पेट्रोल ते जास्त सोसतं. बसवताना स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे, ओठाला टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, आणि ठोकायला सीलच्याच रुंदीचा सॉकेट. शाफ्टवर नख अडकेल अशी खाच असेल तर नवं सीलही गळेल, आधी शाफ्टचं काम करा.

पॉइंट चालतात. गॅप ०.४ मिमी ठेवा, कॅमवर ग्रीसचं बोट फिरवा. पॉइंटची टाच मऊ असल्यामुळे ती लवकर झिजते, म्हणून २००-३०० किमीनंतर गॅप परत मोजा. कंडेन्सर भरवशाचा नाही. गाडी तापल्यावर मिसिंग करू लागली आणि पॉइंटवर निळी ठिणगी उडताना दिसली तर तोच दोषी. दुसरा घेऊन इंजिनच्या उष्णतेपासून लांब, बाहेर लावा.

फ्लोट नीडल ठीक, पण ती बदलून ओव्हरफ्लो थांबला नाही तर पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की छिद्र सापडलं. जेटमध्ये तार घालू नका, हवेनं फुंका.

किट बसवण्याआधी टाकी साफ हवी. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम लिंबूसत, रात्रभर. सकाळी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवून लगेच उन्हात वाळवा आणि आतून थोडं टू-टी ऑइल फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबेरा धरतो. सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीचं मातीचं घर आहे का तेही बघा. प्लगच्या भोकातून १० मिली ऑइल सोडून रात्रभर ठेवल्याशिवाय पहिली किक मारू नका. पहिल्या टाकीला लिटरमागे ४० मिली टू-टी.

गॅस्केट-पॉइंटसाठी पाचपैकी चार, सीलसाठी एक.