शाळेचा बास्केटबॉल प्रोग्राम: शिकवतात छान, पण शिस्तीवरून कोच आणि ऑफिसची ओढाताण (५ पैकी २ स्टार)

माझी मुलगी तीन वर्षं या शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये होती, मागच्या महिन्यात मीच तिला काढलं. शाळेचं नाव लिहीत नाही कारण तिच्या मैत्रिणी अजून तिथे खेळतात. पण मुलांना शाळेच्या टीममध्ये घालणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं वाटतं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं सांगते. कोचिंग खरंच उत्तम आहे. पहिले काही महिने सरांनी मॅचचं नावच काढू दिलं नाही, फक्त फूटवर्क आणि उडी मारल्यावर गुडघे वाकवून नीट खाली कसं यायचं तेवढंच, आणि डाव्या हाताने ड्रिबल इतकं करून घेतलं की आता ती न बघता करते. ते दोन स्टार सरांचेच आहेत.

आता मूळ मुद्दा. मॅचहून परत येताना बसमध्ये तीन मोठ्या मुलींनी, त्यात कॅप्टन पण, एका ज्युनियर मुलीचे बूट लपवले, ती रडायला लागली तर तिचा व्हिडिओ काढून टीमच्या ग्रुपवर टाकला. सरांनी दुसऱ्या दिवशी तिघींना वेगवेगळं बोलावून विचारलं, त्यांनी कबूल केलं, आणि पुढच्या दोन मॅच तिघींनाही बेंचवर बसवायचं ठरलं. त्यातली एक सेमीफायनल होती. मग कॅप्टनचे वडील प्रिन्सिपल मॅडमना भेटले आणि मॅडमनी सरांशी एक शब्दही न बोलता सांगून टाकलं की वॉर्निंग लेटर पुरे, मुली खेळतील. सरांना हे कोणाकडून कळलं तर वॉर्मअप चालू असताना त्याच मुलीकडून! "सर, मॅडम म्हणाल्या मी खेळणार आहे." माझी मुलगी शेजारीच उभी होती. घरी आल्यावर मला म्हणाली, आई, सर एकदम गप्पच झाले.

मॅडमचा निर्णय चूक की बरोबर हे क्षणभर बाजूला ठेवू. कदाचित दोन मॅच जास्त असतील. पण मुलींसमोर असा निर्णय फिरवल्यावर उरलेल्या सीझनमध्ये सरांचं कोण ऐकणार? प्रॅक्टिसला उशिरा येणं सुरू झालं, सर बोलले की "मी ऑफिसला सांगेन" हे उत्तर यायला लागलं. चौदा वर्षांच्या मुलांना कोणाचं चालतं हे फार लवकर कळतं.

पण सरांचीही चूक आहे आणि ती मी लपवणार नाही. आदल्या वर्षी एक मुलगी उशिरा आली म्हणून सरांनी अख्ख्या टीमला भर उन्हात ग्राउंडचे वीस राउंड मारायला लावले होते, पाणी प्यायलाही थांबू दिलं नाही, एका मुलीला उलटी झाली. तेव्हा मॅडमनी ते थांबवलं आणि मला ते शंभर टक्के पटलं होतं. शिक्षा म्हणून अति पळवलं की स्नायूंच्या पेशी फुटून त्यातला भाग रक्तात उतरतो, लघवी गडद रंगाची होते, किडनीवर येऊ शकतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात आणि हे धडधाकट खेळाडूंनाही झालेलं आहे. शिवाय उशीर एकीने केला तर बाकीच्यांनी का पळायचं? बहुतेक तेव्हापासूनच मॅडमना सर कडक वाटायला लागले आणि सरांना वाटायला लागलं की ऑफिस आपल्या पाठीशी नाही. मग बसचं प्रकरण आलं तेव्हा दोघं एका टेबलावर बसलेच नाहीत.

पालक मीटिंगमध्ये एकजण केन कार्टरचं उदाहरण देत होते, तो कॅलिफोर्नियातल्या रिचमंड हायस्कूलचा कोच, १९९९ मध्ये एकही मॅच न हरलेल्या टीमला त्याने मार्कांवरून जिमला कुलूप लावून बाहेर ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, कोच असाच कडक पाहिजे. मी घरी येऊन वाचलं तर मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. त्याने मुलांकडून आधीच लेखी करार सही करून घेतला होता, खेळायला राज्याचा नियम ४ पैकी किमान २.० सरासरी ग्रेडचा होता आणि करारात २.३ लिहिलं होतं. म्हणजे भांडण झालं तरी कागद समोर होता.

आणि ऑफिसने कोचच्या मागे डोळे झाकून उभं राहावं असंही नाही. अमेरिकेतच पेनसिल्व्हेनियात एका मुलीने सुट्टीच्या दिवशी, शाळेबाहेरून, स्नॅपचॅटवर चिडून शिव्या टाकल्या म्हणून कोचनी तिला चिअरलीडिंग टीममधून वर्षभर काढलं, प्रिन्सिपलपासून वरपर्यंत सगळ्यांनी तो निर्णय कायम ठेवला, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ असा निकाल मुलीच्या बाजूने दिला. तिथे कोच आणि ऑफिस दोघं एक होते तरी चुकले.

मी मॅडमना लेखी विचारलं होतं की कुठल्या चुकीला किती मॅच, ठरवणार कोण, पालकांना अपील करायचं असेल तर कोणाकडे आणि किती दिवसांत, आणि अपीलाचा निकाल लागेपर्यंत मूल खेळणार की नाही, एवढं एका पानावर द्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "प्रत्येक केस वेगळी असते." सरांनाही हेच विचारलं तर ते म्हणाले, माझ्या टीमचं मी बघतो. दोघांनाही कागद नको होता, त्या दिवशी मी मुलीला काढायचं ठरवलं.

तुम्ही ॲडमिशन घेणार असाल तर ट्रॉफ्यांचं कपाट नंतर बघा, आधी हे चार प्रश्न कोचला वेगळे आणि प्रिन्सिपलना वेगळे विचारा, उत्तरं जुळतात का बघा. आमच्याकडे जुळली नसती.

ती ज्युनियर मुलगी त्यानंतर प्रॅक्टिसला आलीच नाही. तिच्या आईशी बोलले, ऑफिसमधून त्यांना एकच फोन आला होता, टीमची जर्सी परत करा म्हणून.