हॉस्पिटलमधल्या मशीन बदलण्याचं कंत्राटी काम: घ्यावं का?

नागपुरात सक्करदऱ्याला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आता पॅनल गेलं की लोक सरळ नवीन टीव्ही घेतात, त्यामुळे दुकानात टीव्हीपेक्षा कूलरच्या मोटरीच जास्त येतात. अशात एका मॅनपॉवर कंत्राटदाराकडून तीन महिन्यांचं काम मिळालं. हॉस्पिटलं आणि दवाखान्यांतली जुनी उपकरणं काढायची, नवी बसवायची. कंत्राटदाराचं नाव लिहीत नाही, माझे पैसे अजून त्याच्याकडे अडकले आहेत. पण धंतोली-रामदासपेठेत एवढी हॉस्पिटलं आहेत की असं काम अधूनमधून निघतंच, आणि आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्या पोरांना विचारणा होते, म्हणून लिहून ठेवतो.

जाहिरातीत ‘टेक्निशियन पाहिजे’ होतं. सोल्डरिंग आयर्न शेवटपर्यंत पिशवीतून निघालं नाही. बहुतेक काम सिरिंज पंप आणि इन्फ्युजन पंपांचं, म्हणजे औषध किंवा सलाईन ठरलेल्या वेगाने पेशंटच्या शिरेत सोडणाऱ्या मशीनींचं; पहिला सिरिंजचा दट्ट्या ढकलतो, दुसरा नळीतून सोडतो. खोका फोडा, सिरीयल नंबर चलनाशी जुळवा, बॅटरी चार्जिंगला लावा, पंप सलाईनच्या स्टँडवर घट्ट बसवा, तारीख-वेळ टाका, मग चाचणी. इन्फ्युजन पंपाला ताशी ६० मिली लावून दहा मिनिटं मोजपात्रात पाणी सोडायचं. १० मिली जमलं पाहिजे, आमच्या फॉर्मवर पाच टक्क्यांपर्यंत फरक चालायचा. नळी चिमटून धरली की अलार्म वाजला पाहिजे. टीव्हीवाल्याला यात अवघड काही नाही.

सिरिंज पंपात मात्र खरी मेख आहे. त्याच्या मेनूत सिरिंजची कंपनी निवडावी लागते. ५० मिलीच्या सिरिंजा दिसायला सगळ्या सारख्या, पण आतला व्यास कंपनीप्रमाणे थोडा वेगळा. पंपाला फक्त दट्ट्या किती सरकवला एवढंच कळतं, औषध किती गेलं ते तो व्यासावरून काढतो. कंपनी चुकीची निवडली तर पडद्यावर आकडा बरोबर आणि पेशंटच्या शिरेत डोस कमी-जास्त. स्टोअरला एका महिन्यात एका कंपनीच्या सिरिंजा येतात, पुढच्या महिन्यात स्वस्त मिळाल्या तर दुसऱ्या. म्हणजे पंप बसवला आणि सिस्टरला हे दाखवलं नाही, तर बसवून न बसवल्यासारखंच.

आणि इथेच या कामाची माती होते, कारण मजुरी नगावर आहे. पंपामागे १२० रुपये. सिस्टरला नीट समजावून सांगायला पंधरा मिनिटं लागतात, त्याचे शून्य रुपये. सकाळच्या सिस्टर दुपारी घरी जातात, त्यांच्या जागी आलेल्यांना पुन्हा सांगा, नाइटवाल्या तर भेटतच नाहीत. फॉर्मवर ‘प्रशिक्षण दिले’ असा रकाना आहे. सुपरवायझरचा फोन यायचा, ‘काय भाऊ, एकाच वार्डात बसून राहिले काय? सही घ्या अन् निघा ना!’ मी सही घ्यायचो, पण दाखवूनच. त्यामुळे माझा आकडा नेहमी इतर पोरांपेक्षा कमी. रोजावर काम दिलं असतं तर सगळ्यांनीच दाखवलं असतं, पोरं काही वाईट नव्हती.

आयसीयूत जाणार असाल तर आधीच ठरवून जा की पेशंटला लागलेल्या पंपाला हात लावायचा नाही. बीपी टिकवायला नॉरअॅड्रेनालिन चालू असतं, त्याचा असर मिनिटांत उतरतो. पंप बंद करून दुसरा लावू म्हटलं तर तेवढ्यात बीपी खाली. सिस्टर नवा पंप शेजारी चालू करून, बीपीवर नजर ठेवत जुना हळूहळू कमी करतात. ते त्यांचं काम. आपण भिंतीशी उभं राहायचं, मग तास का जाईना. त्या तासाचेही पैसे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

माझं दुकानातलं ज्ञान कामी आलं ते फक्त प्लग-पॉइंटला. इतवारीतल्या जुन्या माडीवरच्या एका दवाखान्यात मॉनिटर बसवायचा होता. तीन पिनी सॉकेट छान नवीन, पण फेज आणि अर्थमध्ये मल्टिमीटर लावला तर २३०च्या आसपास यायला हवं तिथे ४० दाखवलं. म्हणजे अर्थिंग नावालाच. पेशंटच्या छातीला चिकटणाऱ्या वायरींचं मशीन अशा पॉइंटवर मी लावत नाही. फॉर्मवर तसं लिहिलं आणि परत आलो. नग बसला नाही, म्हणून चक्कर फुकट.

दवाखान्यांमध्ये मुख्यतः पाऱ्याची बीपी मशीन बदलून डिजिटल द्यायची होती. पारा बंद करण्याचा मिनामाटा करार २०१३ चा, भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. हे सगळं सांगितल्यावरही गांधीबागेतले एक वयस्कर डॉक्टर म्हणाले, ‘माह्या वडलांच्या वेळचं मशीन आहे, ना सेल लागत ना चार्जर. काहून नेता?’ त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. नाडी अनियमित असली की डिजिटल मशीन गोंधळतं, हे त्यांनीच समजावलं. शेवटी त्यांनी डिजिटलसोबत काट्याचं, डायलवालं एक मशीन स्वतःच्या पैशाने मागवलं आणि पाऱ्याचं दिलं. खोक्यात कफ एकच मध्यम मापाचा येतो हेही लक्षात ठेवा. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं, मोठा कफ वेगळा मागायला सांगा.

एका ठिकाणी पाऱ्याची नळी फुटली तर कंपाउंडर झाडू घेऊन धावला. झाडूने पाऱ्याचे आणखी बारीक मणी होतात आणि सगळीकडे पसरतात. पंखा बंद, खिडकी उघडी, जाड कागदाने मणी एकत्र ढकलायचे, सिरिंजने ओढून पाणी असलेल्या बाटलीत टाकायचे आणि झाकण घट्ट लावायचं. ग्लोव्ह्ज घालून, अर्थातच. कंत्राटदाराने दिलेल्या किटमध्ये ग्लोव्ह्ज नव्हते, टोपी होती. कंपनीच्या नावाची.

जुने पंप परत आणताना बघा, ग्लुकोजने चिकट झालेले असतात. आधी वार्डाकडून निर्जंतुक करून घ्या आणि तसं लिहून घ्या, मगच गाडीत ठेवा. ‘भंगारात टाकू, अर्धे-अर्धे करू’ म्हणणारे भेटतील. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत वैद्यकीय उपकरणंही आहेत, ती नोंदणीकृत रिसायकलरकडेच जातात, आणि सिरीयल नंबर तुमच्या सहीने चढलेला असतो.

हिपॅटायटिस बीची लस घेतली का, हे मला कंत्राटदाराने विचारलं नाही, मेडिकल चौकाजवळच्या एका सिस्टरने विचारलं. तीन डोस असतात: आज, महिन्याने आणि सहा महिन्यांनी. काम तीन महिन्यांचं! पहिला डोस रुजू होण्याआधीच टोचून घ्या.

पैशाचं सांगायचं तर पीएफ नाही, पेट्रोल नाही. मे महिन्यात हिंगण्यापासून कामठीपर्यंत दुपारी गाडी हाकायची, त्याचं काही नाही. टीडीएस १ टक्का कापला, तो रिटर्न भरून परत मिळेल. पण पॅन नंबर दिला नाही तर २० टक्के कापतात, आमच्यातल्या एका पोराचे तसे गेले. दोन महिन्यांचं बिल निघालं, तिसऱ्याचं ‘हॉस्पिटलकडून आलं की देतो’ असं चालू आहे. चलनाच्या झेरॉक्स माझ्याकडे आहेत, तुम्हीही काढून ठेवा.

पाचपैकी अडीच स्टार, तेही वार्डातल्या सिस्टर आणि मावश्यांमुळे. दिवाळीनंतर मॉनिटर बदलायचं मोठं काम निघणार असं ऐकतो. रोजावर देत असतील तर जाईन, नगावर असेल तर कूलरच्या मोटरी बऱ्या.