चार इंची ग्राइंडर: द्राक्षबागेतल्या एका हंगामानंतर

ऑक्टोबर छाटणीच्या आधी वेलींच्या मंडपाचं काम निघालं तेव्हा लोखंड कापायचा-घासायचा ८५० वॅटचा, वायरवाला चार इंची ग्राइंडर घेतला. आता उन्हाळ्यातली खरड छाटणीही उरकलीय. मधल्या काळात त्यानं मंडपाचे गंजलेले अँगल कापले, बेदाणा शेडच्या रॅकचं वेल्डिंग घासलं, ट्रॉलीच्या फाळक्याची डागडुजी केली. सांगलीच्या तासगाव भागात बाग असेल तर हे मशीन घरी असावंच, कारण फॅब्रिकेशनवाल्याची वाट बघत बसलं की छाटणी लांबते. ताकद पुरेशी आहे, वजन हाताला झेपतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. डोक्याला ताप होतो तो वायर, व्हील (फिरती चकती) आणि आपल्याकडच्या लाईटचा.

सगळ्यात मोठी तक्रार स्विचची. बाजूला सरकपट्टी आहे, पुढं ढकलली की अडकून बसते. काम चालू असताना लाईट जाते, माणूस मशीन तसंच खाली ठेवून चहाला जातो, आणि लाईट आली की मशीन एकटंच सुरू होतं. शेजारच्या बागेत असंच झालं. व्हील फरशीला घासून फुटलं आणि तुकडा पत्र्यात घुसला. त्यामुळं आमच्याकडं लाईट गेली रे गेली की आधी पट्टी मागं, मग पिन बाहेर. काही मॉडेलमध्ये लाईट परत आली तरी स्विच बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय मशीन फिरत नाही. हात सोडला की बंद पडणारा पॅडल स्विचही मिळतो. आज घेतला असता तर थोडे पैसे जास्त घालून तसलाच घेतला असता.

मशीनची स्वतःची वायर जेमतेम दोन मीटर. मंडपात काम म्हटल्यावर जोडवायर आलीच, आणि इथंच बहुतेकांची मशीनं जळतात. घरातली पंख्याची बारीक वायर जोडली की व्होल्टेज आणखी पडतं; शिवारात ते आधीच २३० च्या बरंच खाली असतं. वेग कमी झाला की माणूस मशीन जास्त दाबतो, करंट वाढतो, आतला पंखा मंद झाल्यानं हवाही कमी लागते, आणि आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग, तापतं. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडूनच वापरा, कारण गुंडाळीत वायर तापते.

पिन दोनच पायांची बघून गावातल्या वायरमननं ‘अर्थिंग काढून टाकलंय’ म्हटलं, पण तसं नाही. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर इन्सुलेशन दुहेरी आहे, त्याला अर्थिंग लागत नाही. मात्र वायरचं साल निघालं तर ते इन्सुलेशन कामाचं नाही. मशीनमध्ये शिरते तिथल्या रबरापाशी वायर आधी तुटते. तिथं टेप गुंडाळत बसू नये, तेवढा तुकडा कापून नव्यानं जोडून घ्यावी. ठिबकचं पाणी पायाखाली असतं, म्हणून शेडच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, बसवून घेतला. त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघतो.

गार्डवरून, म्हणजे व्हीलवरच्या लोखंडी झाकणावरून, आमच्यात रोज वाद. ‘मालक, ह्यो गार्ड काढा की, कोपऱ्यात जाईना झालंय,’ असं गडी म्हणतो. गार्ड फिरवून घेता येतो, काढायचा नाही. मिनिटाला ११,००० फेरे म्हणजे १०० मिमी व्हीलच्या काठाचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो. फुटलेला तुकडा त्याच वेगानं उडतो. व्हीलवर छापलेले फेरे मशीनपेक्षा जास्तच हवेत. चार इंचीवर बहुतेक १५,३०० असतात. मधल्या पत्र्याच्या रिंगवर मुदतीचा महिना आणि वर्षही असतं, ते कुणी वाचत नाही. ओल धरलेलं व्हील वापरू नये, आणि कटिंग व्हीलच्या बाजूनं घासू नये. नवीन व्हील बसवलं की अर्धा-एक मिनिट बाजूला धरून नुसतं फिरवावं. लाकूड कापायचं दातेरी पातं तर ह्यावर बसवूच नका. दात अडकला की मशीन अंगावर येतं.

गळ्यातला टॉवेल आणि सुती सैल हातमोजे आमच्याकडं बंद. साध्या चष्म्याच्या कडेनं कण आत येतात, गॉगलच लागतो.

ठिणग्यांचा एक किस्सा शेडवाल्यांसाठी. रॅक जागेवरच घासायला घेतला तर मागच्या हिरव्या जाळीला मोहरीएवढी भोकं पडली, कडा वितळून काळ्या. बेदाणा वाळवायची जाळी प्लास्टिकची, खाली वाळका पाला आणि छाटलेल्या काड्या. पेटायला वेळ लागत नाही. आता ठिणग्यांची दिशा आधी बघतो, जवळ पाण्याची बादली ठेवतो आणि काम संपल्यावर थोडा वेळ तिथंच थांबतो.

देखभाल सोपी आहे. जड कापणीनंतर मशीन मिनिटभर मोकळं फिरवायचं, मग पिन काढून मशीनच्या हवेच्या जाळीतला लोखंडी भुगा कोरड्या हवेनं उडवायचा. हा भुगा आत साचला की शॉर्ट होतो. मशीन एकदा अचानक मेलं, दुकानदार लगेच रिवाइंडिंगवर, म्हणजे मोटरच्या तारा नव्यानं गुंडाळण्यावर आला. मागचं झाकण उघडलं तर कार्बन (फिरत्या मोटरला करंट देणारे दोन छोटे ठोकळे) झिजून बोटाच्या नखाएवढे उरले होते. काही कार्बनमध्येच अशी सोय असते की संपत आले की मशीन बंद पडावं, म्हणजे कॉम्युटेटरला, कार्बन घासतात त्या तांब्याच्या कड्याला, ओरखडे पडत नाहीत. जोडी बदलली, थोडा वेळ मोकळं फिरवलं, चालू. कार्बन नेहमी दोन्ही एकदम बदलावेत. आतल्या बारीक निळ्या ठिणग्यांना घाबरू नये. आगीचं पूर्ण कडं दिसलं तर मात्र आर्मेचर दाखवून घ्या.

वॉरंटीत कार्बन, वायर आणि व्हील येत नाहीत, हे दुकानात कुणी सांगत नाही. घेतानाच त्या मॉडेलच्या कार्बनची एक जोडी सोबत मागून घ्या. हंगामात नेमकी तीच मिळत नाही.