नागपूरच्या महालातले बिनपाटीचे फ्रेमवाले काका: पणजोबांचा कॉलेजचा फोटो नेला होता

बडकस चौकातून आत गल्लीत वळा, दुकानाला पाटीच नाहीये, बाहेर देवादिकांचे अन लग्नाचे फोटो भिंतीला टेकवून ठेवलेले दिसले की समजायचं पोचलो.

घरी पणजोबांच्या दोनच वस्तू उरल्यात, बीएची डिग्री अन कॉलेजचा ग्रुप फोटो. पुढे खुर्च्यांवर प्रोफेसर, मागे पगड्या नि टोप्यांच्या तीन रांगा, खाली एका पोराच्या मांडीवर पाटी. पाटीवर १९२१-२२ कसंबसं दिसतं, कॉलेजचं नाव पुसट. त्यावरून घरात दोन पार्ट्या, आत्या म्हणते हिस्लॉप, बाबा म्हणतात मॉरिस, अन डिग्रीत नेमकी कॉलेजच्या नावाच्या जागीच कसर लागलेली.

आधी एका डिजिटल स्टुडिओत दिला होता (नाव नाही घेत). अर्ध्या तासात मोबाईलवर नवाकोरा फोटो हजर, सगळ्यांच्या पगड्या लालभडक, अन पणजोबांना भलत्याच कोणाचं नाक. आजीनं चष्मा लावून पाहिलं नि म्हणाली, हे मामंजी नाहीत. विषय संपला.

या काकांनी फोटो हातातसुद्धा घेतला नाही आधी. पहिला प्रश्न, "कूलर कोणत्या भिंतीला आहे?" मी म्हटलं त्याच, काहून? तर म्हणे मे महिना कूलरची ओल, मग पावसाळा, फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल पिऊन फुगतो अन काचेला बसतो, वाळला की पक्का. एक कोपरा खरंच चिकटलेला होता. मी म्हटलं ब्लेडनं काढा ना हळूच, तर असे बघितले माझ्याकडे! "ओढला तर चेहरा काचेवर राहील अन कागद तुमच्या हातात."

मग काचेसकटच वरून कॅमेऱ्यानं फोटो घेतला, दोन्ही बाजूनं तिरपे लाईट, मागे काळा पडदा धरायला मी. कॉम्प्युटरवर झूम केलं तर पाटीवर इंग्रजी एम अन ओ स्पष्ट! बाबांना तिथूनच फोन लावला, आत्याला अजून सांगितलं नाहीये. काकांनी डाग काढले ते फक्त मागच्या भिंतीवरचे, चेहऱ्यांना हात नाही लावला, खांद्यावरून गेलेली चीर तशीच ठेवली. प्रिंटला जाड माउंट, म्हणजे काच फोटोला टेकत नाही. मूळ फोटो काचेसकट अॅसिड-फ्री कागदात गुंडाळून दिला, कपाटात आडवा ठेवा म्हणाले.

डिग्री पाहून त्यांनी विचारलं, "आजोबा तिकडचे का, यूपीचे?" कारण वर अलाहाबाद विद्यापीठ छापलंय ना. कुठले तिकडचे, इतवारीतला माणूस! नागपूर विद्यापीठ झालं ४ ऑगस्ट १९२३ ला, सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू, त्याआधी इथली कॉलेजं अलाहाबादला जोडलेली. पणजोबा वर्षभर आधी पास झाले अन बसले अलाहाबादचे होऊन. मी स्वतः दहावीपर्यंत लोकांना सांगत फिरत होतो की आमचे पणजोबा गंगेकाठी शिकले.

हिस्लॉप १८८३ चं, स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या नावानं, जो इथले दगड अन जीवाश्म गोळा करत हिंडायचा. मॉरिस १८८५ चं, चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या नावाचं. आता त्या कॉलेजला वसंतराव नाईकांचं नाव आहे पण ऑटोवाल्याला तसं सांगून पाहा, तो "कुठं भाऊ?" म्हणेल, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट म्हटलं की मीटर न टाकता निघतो.

आता तक्रार. चार दिवस सांगून तेरा दिवस लावले. फोन उचलत नाहीत, अन गेलं की "करूनच राहिलो ना" म्हणून चहा मागवतात, तीन चकरांत तीन चहा झाले, चहा चांगला होता ती गोष्ट वेगळी. डिग्रीच्या फ्रेमला सोनेरी पट्टी नको म्हटलं होतं, तरी लावली, परत बदलायला लावली. दोन फ्रेमा अन फोटोचं काम धरून २,६०० रुपये, रोखच घेतात. संध्याकाळी पाचनंतर जा, अन जिथं लावणार त्या भिंतीचा फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा, कूलरचं विचारतातच.